नेटिव्ह ॲप्लिकेशनमधून डॉटनेट लायब्ररी कॉल करताना: मर्यादा, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

सी प्लस प्लस किंवा डेल्फीतले जुने ॲप्लिकेशन चालू आहे, नवी गणिते सी शार्पच्या लायब्ररीत तयार आहेत आणि दोन्ही एकाच प्रोसेसमध्ये चालवायची आहेत. हे काम बहुतेक ठिकाणी उलट्या क्रमाने होते. आधी लायब्ररी पूर्ण लिहिली जाते, मग ती बाहेरून कॉल कशी करायची याचा शोध सुरू होतो, आणि ग्राहकाच्या मशीनवर गेल्यावर कळते की निवडलेला मार्ग तिथे चालतच नाही. दोन भाषांच्या सीमेवर फक्त सी भाषेला समजणाऱ्या गोष्टी जातात: ठरावीक लांबीचे पूर्णांक, दशांश संख्या, पॉइंटर आणि बाइटची संख्या. क्लास, स्ट्रिंग, लिस्ट, टास्क, एक्सेप्शन यांतले काहीही जसेच्या तसे पलीकडे जात नाही. पुढचे सगळे टप्पे याच अटीतून आलेले आहेत. विंडोज आणि लिनक्समध्ये जिथे फरक पडतो, तिथे तो वेगळा सांगितला आहे.

## टप्पा १: कोड उघडण्याआधीची तयारी

बिट तपासा. ३२ बिटच्या प्रोसेसमध्ये ६४ बिटचे रनटाइम (डॉटनेटचा कोड चालवणारा भाग) लोड होत नाही. "एनी सीपीयू" म्हणून बिल्ड केलेली असेंब्ली (डॉटनेटची तयार डीएलएल किंवा एक्झी) दोन्हीकडे चालते, त्यामुळे बिटचा प्रश्न सुटला असा समज होतो. पण रनटाइम आणि मधली जोडणारी डीएलएल मूळ एक्झीच्याच बिटची लागते. मूळ एक्झीवर डम्पबिन हे टूल हेडर्स पर्यायासह चालवा आणि मशीनची ओळ वाचा. असेंब्लीसाठी कॉरफ्लॅग्ज वापरा. नावात "६४" आहे म्हणून फाइल ६४ बिटची असेल असे धरू नका.

प्रोसेस कोणाची आहे ते पाहा. एक्झी तुमची असेल तर निर्णय तुमचे. तुमचा कोड दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगइन म्हणून जाणार असेल, तर त्याच प्रोसेसमध्ये दुसऱ्या प्लगइनने आधीच डॉटनेट सुरू केलेले असू शकते. एका प्रोसेसमध्ये आधुनिक डॉटनेटचे (डॉटनेट कोअर आणि त्यापुढच्या आवृत्त्यांचे) एकच रनटाइम सुरू होते आणि आवृत्ती पहिल्याने मागितलेली ठरते. जुने डॉटनेट फ्रेमवर्क त्याच्या शेजारी राहू शकते, पण दोन्हींचा कोड एकाच वेळी डीबग करता येत नाही.

लायब्ररी कशावर उभी आहे त्याची यादी करा. रिफ्लेक्शन (टाइप आणि मेथड चालू असताना नावाने शोधणे), चालू असताना नवा कोड तयार करणे, वाटेत असेंब्ली लोड करणे, डब्ल्यूपीएफ किंवा विनफॉर्म्सच्या खिडक्या, कॉन्फिग फाइल, कल्चरनुसार तारखा आणि अकारविल्हे. यांतली प्रत्येक गोष्ट पुढच्या टप्प्यात एखादा मार्ग बंद करते. ही यादी फक्त स्वतःच्या कोडची करून थांबू नका. नुगेट या डॉटनेटच्या पॅकेज भांडारातून घेतलेल्या पॅकेजांचीही करा.

शेवटच्या मशीनची माहिती घ्या. तिथे ॲडमिन अधिकार मिळतील का? इंटरनेट आहे का? रनटाइम वेगळे इन्स्टॉल करू देतील का? लिनक्स असेल तर कोणते वितरण आणि किती जुने?

तपासणी: या चार मुद्द्यांची उत्तरे एका पानावर लिहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. ज्याचे उत्तर "बहुतेक" असे आहे, त्याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

## टप्पा २: मार्ग निवडा

मार्ग पाच आहेत, आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी आहे.

कॉम, म्हणजे भाषांमध्ये ऑब्जेक्ट वाटून घेण्याची विंडोजची जुनी पद्धत. जुन्या व्हीबी, डेल्फी किंवा ऑफिस मॅक्रोमधून ऑब्जेक्ट म्हणून वापरायचे असेल तर अजूनही हाच सरळ मार्ग. फक्त विंडोजवर चालतो. डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये नोंदणी रेगॲझमने होते. त्याच्या ३२ आणि ६४ बिटच्या दोन वेगळ्या प्रती असतात. चुकीच्या प्रतीने नोंदणी केली की "क्लास नोंदलेला नाही" ही ८००४०१५४ क्रमांकाची चूक येते आणि रजिस्ट्रीत पाहावे तर क्लास दिसत असतो. आधुनिक डॉटनेटमध्ये प्रोजेक्ट फाइलमध्ये एनेबलकॉमहोस्टिंग चालू केल्यावर कॉमहोस्ट नावाची डीएलएल तयार होते आणि नोंदणी रेगएसव्हीआर३२ने त्या डीएलएलची करायची असते, मूळ असेंब्लीची नव्हे. आधुनिक डॉटनेट असेंब्लीवरून टाइप लायब्ररी तयार करून देत नाही. ती आयडीएल फाइलवरून वेगळी तयार करावी लागते. डॉटनेट ६ पासून ती कॉमहोस्टमध्ये आतच बसवता येते. रनटाइम सोबत घेऊन जाणारी पाठवणी या मार्गात चालत नाही.

सी प्लस प्लस सीएलआय. दोन्ही जगांचा कोड एका फाइलमध्ये लिहिता येतो, म्हणून तो मोहात पाडतो. फक्त विंडोज. आधुनिक डॉटनेटसाठी यातून डीएलएल बनते, एक्झी बनत नाही, आणि शेजारी इज्वहोस्ट ही डीएलएल ठेवावी लागते. सी रनटाइम स्थिर जोडता येत नाही, डीएलएल स्वरूपातलेच घ्यावे लागते. मूळ ॲप्लिकेशन स्थिर रनटाइमवर असेल तर दोन वेगळे मेमरी हीप तयार होतात आणि एकात घेतलेली मेमरी दुसऱ्यात सोडली की क्रॅश. हा मार्ग घेतलाच, तर सीएलआयचा थर दोनतीन फाइलींपुरता ठेवा; अख्ख्या प्रोजेक्टला तो पर्याय लावू नका.

होस्टिंग. ॲप्लिकेशन स्वतः डॉटनेट रनटाइम सुरू करते आणि हव्या त्या मेथडचा फंक्शन पॉइंटर मागून घेते. डॉटनेट कोअर ३.० पासून नेटहोस्ट आणि होस्टएफएक्सआर या डॉटनेटच्याच लायब्ऱ्यांमार्फत हे करता येते. विंडोज, लिनक्स, मॅकओएस तिन्हींवर चालते, रिफ्लेक्शन वगैरे सगळे पूर्ण मिळते. मोबदल्यात, लक्ष्य मशीनवर योग्य बिटचे रनटाइम हवे.

नेटिव्ह एओटी, म्हणजे सगळा कोड आधीच मशीन कोडमध्ये बदलणे. डॉटनेट ७ पासून लायब्ररी थेट नेटिव्ह डीएलएल किंवा एसओ फाइल म्हणून पब्लिश करता येते. वापरणाऱ्याला ती साधी सी लायब्ररीच दिसते आणि रनटाइम इन्स्टॉल करावे लागत नाही. पण चालू असताना कोड तयार करणे, असेंब्ली वाटेत लोड करणे आणि विंडोजवरचा अंगभूत कॉम आधार इथे नाही.

वेगळी प्रोसेस. लायब्ररी स्वतंत्र एक्झीमध्ये ठेवायची आणि नेम्ड पाइप किंवा स्थानिक सॉकेटवरून बोलायचे. बिट वेगळे असले, रनटाइमच्या आवृत्त्या भांडत असल्या किंवा लायब्ररी कोसळली तरी मूळ ॲप्लिकेशन वाचायला हवे असेल, तर हाच मार्ग. कॉल दुर्मीळ आणि मोठे असतील तर त्याचा वेग पुरतो.

आमचा कल असा: नवे काम असेल आणि लायब्ररी रिफ्लेक्शनवर उभी नसेल तर आधी एओटी करून पाहा. तिथे इशाऱ्यांचा पाऊस पडला तर होस्टिंगवर या. ३२ बिटची एक्झी आणि ६४ बिटची लायब्ररी अशी जोडी असेल तर वेळ न घालवता वेगळी प्रोसेस. कॉम आणि सीएलआय आधीपासून असतील तिथे राहू द्या. कोऱ्या पाटीवर त्यांनी सुरुवात करू नका.

सावधान: असेंब्लीच्या आयएल कोडमध्ये (डॉटनेटच्या मधल्या कोडमध्ये) फेरफार करून एक्स्पोर्ट घुसवणारी जुनी पॅकेजे अजून फिरतात. डॉटनेट फ्रेमवर्कपुरती ती चालून जात. आधुनिक डॉटनेटसाठी त्यांच्यावर नवे काम उभारू नका.

## टप्पा ३: सीमेचे फंक्शन आधी कागदावर लिहा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त वेळा गाळला जाणारा. सी शार्पची एकही ओळ लिहिण्याआधी सीची हेडर फाइल लिहा. हेडरमध्ये जे मांडता येत नाही, ते सीमेवरून जाणार नाही.

१. प्रकार. फक्त ठरावीक लांबीचे पूर्णांक वापरा: ८, १६, ३२, ६४ बिट. सीमधला लाँग विंडोजवर ३२ बिटचा आणि ६४ बिट लिनक्सवर ६४ बिटचा असतो, तर सी शार्पचा लाँग कायम ६४ बिटचा. बूलही टाळा: सी प्लस प्लसमध्ये तो १ बाइटचा, विंडोजच्या एपीआयमधला ४ बाइटचा, आणि डॉटनेट मार्शलिंग (सीमेवर डेटाचे रूपांतर) करताना डीफॉल्टने ४ बाइट धरते. त्याऐवजी ३२ बिटचा पूर्णांक, ० किंवा १. अनमॅनेज्डकॉलर्सओन्ली हे ॲट्रिब्यूट लावलेल्या मेथडमध्ये बूल, कॅरेक्टर आणि स्ट्रिंग चालतच नाहीत. ती मेथड स्टॅटिक हवी, जेनेरिक नको, जेनेरिक क्लासमध्ये नको, आणि सी शार्पमधून ती थेट कॉल करता येत नाही. म्हणून खरे काम साध्या मेथडमध्ये ठेवा आणि सीमेची मेथड केवळ तिचे पातळ वेष्टण असू द्या. युनिट टेस्ट त्या आतल्या मेथडवर लिहिता येतात.

२. कॉलिंग कन्व्हेन्शन, म्हणजे आर्ग्युमेंट कशी द्यायची आणि स्टॅक कोणी साफ करायचा याचा नियम. ६४ बिटवर हा प्रश्न उरत नाही. ३२ बिट विंडोजवर मात्र दोन्ही बाजूंनी सीडेक्ल किंवा एसटीडीकॉल यांतले एकच लिहा, आणि स्पष्ट लिहा. नाहीतर पहिला कॉल बरोबर उत्तर देतो आणि स्टॅक बिघडल्यामुळे क्रॅश तिसऱ्याच ठिकाणी होतो.

३. मजकूर. यूटीएफ-८ बाइटचा पॉइंटर आणि सोबत बाइटची संख्या. शून्याने संपणाऱ्या स्ट्रिंगवर विसंबू नका, आणि "लांबी" या शब्दाचा अर्थ हेडरमध्ये लिहून ठेवा. "मराठी" या शब्दात ५ युनिकोड कोडपॉइंट आहेत. यूटीएफ-१६ मध्ये त्यांचे १० बाइट होतात आणि यूटीएफ-८ मध्ये १५. इंग्रजी मजकुरावर चाचणी केली तर यूटीएफ-८ मध्ये बाइट आणि अक्षरे सारखीच निघतात, त्यामुळे गोंधळ लपून राहतो. ६४ बाइटच्या बफरमध्ये देवनागरीचे २१ कोडपॉइंटच मावतात आणि उरलेल्या एका बाइटमध्ये अर्धे अक्षर कापून भरले की पुढचे सगळे वाचन बिघडते. विंडोजची जुनी एएनएसआय कोडपेज वापरली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात, कारण देवनागरीसाठी विंडोजमध्ये एएनएसआय कोडपेज नाहीच.

४. मेमरी. ज्याने घेतली त्याने सोडायची. सगळ्यात सुरक्षित पद्धत म्हणजे बफर नेहमी कॉल करणाऱ्याने द्यायचा. पहिल्या कॉलला बफरचा आकार ० द्या, फंक्शन लागणारे बाइट सांगेल. दुसऱ्या कॉलला तेवढा बफर द्या. दोन कॉलच्या मध्ये डेटा बदलू शकत असेल तर दुसऱ्या कॉलनेही "बफर अपुरा" असे सांगण्याची सोय ठेवा. लायब्ररीनेच मेमरी द्यायची असेल तर तिच्यासोबत मोकळे करणारे फंक्शनही लायब्ररीनेच द्यावे. डॉटनेटकडून आलेला पॉइंटर सी प्लस प्लसच्या डिलीटला देणे ही चूक दरवेळी लगेच दिसत नाही, म्हणूनच ती महाग पडते.

सी शार्पच्या ॲरेचा पत्ता पलीकडे देऊन ठेवू नका. गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा डॉटनेटचा भाग) ऑब्जेक्ट हलवतो. फिक्स्ड ब्लॉकमध्ये मिळालेला पत्ता त्या ब्लॉकपुरताच खरा असतो.

५. हँडल. सी शार्पचा ऑब्जेक्ट कॉलच्या मध्ये जिवंत ठेवायचा असेल तर जीसीहँडल (कलेक्टरला तो ऑब्जेक्ट उचलू न देणारी खूण) घ्या आणि त्याचा पूर्णांक अपारदर्शक पॉइंटर म्हणून बाहेर द्या. प्रत्येक "उघडा" फंक्शनला एक "बंद करा" फंक्शन हवेच. बंद केलेले हँडल पुन्हा वापरले तर क्रॅश होईलच असे नाही. त्याच जागेवर आलेला दुसराच ऑब्जेक्ट मिळू शकतो. त्यामुळे बाहेर थेट जीसीहँडल न देता आपल्या डिक्शनरीतला चढता क्रमांक द्यावा हे आम्हाला जास्त पटते. थोडा वेग जातो, पण चुकीचे हँडल ओळखून नीट चूक परत करता येते.

६. चुका. प्रत्येक एक्स्पोर्ट केलेल्या मेथडचा संपूर्ण मजकूर ट्राय-कॅचमध्ये हवा. न पकडलेले एक्सेप्शन सीमेवर पोहोचले की प्रोसेस कोसळते. पलीकडचा सी प्लस प्लसचा कॅच ते वाचवत नाही. परतावा म्हणून ३२ बिटचा कोड द्या: ० यश, ऋण संख्या चूक. सविस्तर संदेशासाठी "शेवटची चूक" देणारे वेगळे फंक्शन ठेवा आणि तो संदेश थ्रेडनिहाय साठवा. स्टॅक ओव्हरफ्लो आणि चुकीच्या पत्त्यामुळे येणारा ॲक्सेस व्हायोलेशन आधुनिक डॉटनेटमध्ये ट्राय-कॅचने पकडता येत नाहीत. उलट दिशेनेही तोच नियम: कॉलबॅकमधून निघालेले सी प्लस प्लसचे एक्सेप्शन डॉटनेटच्या स्टॅकमधून आरपार जाऊ देऊ नका. लिनक्सवर त्याला आधारच नाही.

७. आवृत्ती. पहिले फंक्शन "आवृत्ती सांगा" हेच असू द्या, आणि प्रत्येक स्ट्रक्चरचे पहिले फील्ड त्याचा आकार असू द्या. स्ट्रक्चरची मांडणी दोन्हीकडे क्रमवार आणि सारख्याच पॅकिंगची ठेवा.

तपासणी: सी शार्पकडून स्ट्रक्चरचा आकार परत करणारे एक फंक्शन लिहा आणि ॲप्लिकेशन सुरू होताना सीच्या साइझऑफशी ताडून पाहा. आकडे जुळले नाहीत तर तिथेच थांबा.

## टप्पा ४: होस्टिंगने जोडणी

क्रम असा, आणि तो मोडायचा नाही.

१. सी शार्पच्या प्रोजेक्टमध्ये एनेबलडायनॅमिकलोडिंग चालू करा. लायब्ररी प्रोजेक्ट एरवी रनटाइमकॉन्फिग ही जेसन फाइल तयार करत नाही, आणि ती नसेल तर रनटाइम सुरूच होत नाही.

२. बिल्डचे फोल्डर न घेता पब्लिशचे फोल्डर घ्या आणि पूर्ण घ्या. डेप्स ही जेसन फाइल मागे राहिली की मुख्य असेंब्ली लोड होते, पण तिची एखादी अवलंबित असेंब्ली पहिल्यांदा लागेल त्या क्षणी कॉल फसू शकतो. डेमोत सगळे नीट आणि ग्राहकाकडे एकच बटण बिघडलेले, याचे हे नेहमीचे कारण.

३. नेटहोस्टकडून होस्टएफएक्सआरचा पत्ता मिळवा. नेटहोस्टच्या हेडर आणि लायब्ररी फाइली डॉटनेट एसडीकेच्या पॅक्स फोल्डरमध्ये होस्ट पॅकखाली असतात. बिट आणि प्रणालीनुसार योग्य उपफोल्डर निवडा. नेटहोस्ट स्थिर जोडता येते, म्हणजे एक डीएलएल कमी.

४. रनटाइमकॉन्फिगचा पूर्ण पत्ता देऊन रनटाइम सुरू करा. विंडोजवर हे पत्ते यूटीएफ-१६ मध्ये द्यायचे, लिनक्स आणि मॅकवर यूटीएफ-८ मध्ये.

परताव्याचा कोड इथे नीट वाचा. ० म्हणजे रनटाइम आपण सुरू केले. १ म्हणजे कोणीतरी आधीच सुरू केले होते आणि ते आपल्याला चालेल. २ म्हणजे आधीच सुरू होते, पण त्याच्या सेटिंग आपल्यापेक्षा वेगळ्या आहेत. १ आणि २ ही यशेच आहेत. "शून्य नाही म्हणजे चूक" असे लिहिलेला कोड प्लगइनमध्ये गेल्यावर उगाच फसतो. आपली मागणी आणि चालू रनटाइम जुळत नसेल तर हेक्समध्ये ८०००८०ए५ येते. आवश्यक फ्रेमवर्क मशीनवर नसेल तर ८०००८०९६.

५. असेंब्ली लोड करून फंक्शन पॉइंटर देणारा डेलिगेट (कॉल करता येणारा मेथडचा संदर्भ) मागा, मग त्याला चार गोष्टी द्या: असेंब्लीचा पूर्ण पत्ता, टाइपचे नाव, मेथडचे नाव आणि मेथडचा प्रकार. टाइपच्या नावात नेमस्पेस, टाइप, स्वल्पविराम आणि असेंब्लीचे नाव हे सगळे लागते. नुसते क्लासचे नाव दिले की ८०१३१५२२. मेथड सापडली नाही तर ८०१३१५१३, फाइलच नाही तर ८००७०००२. अनमॅनेज्डकॉलर्सओन्ली लावलेली मेथड असेल तर प्रकाराच्या जागी त्यासाठीचा ठरलेला स्थिरांक द्यावा लागतो. ती जागा रिकामी सोडली तर रनटाइम एक पॉइंटर आणि एक ३२ बिट पूर्णांक घेणारी, ३२ बिट पूर्णांक परत देणारी मेथड शोधते.

६. सगळे पॉइंटर एकदाच मिळवून एका तक्त्यात ठेवा, होस्टचा कॉन्टेक्स्ट बंद करा. प्रत्येक कॉलच्या वेळी पॉइंटर पुन्हा शोधणे हा वेळेचा शुद्ध अपव्यय.

असेंब्ली इथे स्वतंत्र लोड कॉन्टेक्स्टमध्ये येते. तीच असेंब्ली दोन वेगळ्या पत्त्यांवरून लोड केली तर तिच्या दोन प्रती होतात, स्टॅटिक व्हेरिएबल वेगळी होतात आणि एकीकडचा ऑब्जेक्ट दुसरीकडे कास्ट होत नाही. म्हणून पत्ता एकाच ठिकाणी ठरवा.

सावधान: रनटाइम सोबत घेऊन जाणारी पाठवणी या पद्धतीत चालत नाही. मशीनवर डॉटनेट हवेच, आणि ३२ बिटच्या एक्झीसाठी ३२ बिटचे वेगळे रनटाइम हवे.

तपासणी: काही केल्या रनटाइम सुरू होत नसेल तर कोअरहोस्ट_ट्रेस हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून ॲप्लिकेशन चालवा. कोणत्या फोल्डरमध्ये काय शोधले आणि का नाकारले हे ओळीओळीने दिसते. अंदाज बांधण्याआधी हे वाचा.

## टप्पा ५: नेटिव्ह एओटीने जोडणी

प्रोजेक्टमध्ये पब्लिशएओटी चालू करा. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओचा सी प्लस प्लस डेस्कटॉप गट लागतो, लिनक्सवर क्लँग आणि झेडलिबची डेव्हलपमेंट फाइल. विंडोजवर बसून लिनक्सची एसओ फाइल तयार करता येत नाही. त्या प्रणालीवरच बिल्ड करा. लिनक्सवर ग्राहकांकडचे सगळ्यात जुने वितरण निवडा, कारण नव्या वितरणावर तयार केलेली फाइल जुन्या जीलिबसीवर (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीवर) चालत नाही.

एक्स्पोर्ट करायच्या मेथडवर अनमॅनेज्डकॉलर्सओन्ली लावून एंट्रीपॉइंटचे नाव द्या. त्या मेथडी जो प्रोजेक्ट पब्लिश होतो त्यातच असाव्या लागतात. संदर्भ घेतलेल्या लायब्ररीत किंवा नुगेट पॅकेजमध्ये लिहिलेल्या एक्स्पोर्ट मेथडी अंतिम फाइलमध्ये येत नाहीत, आणि बिल्ड काही तक्रारही करत नाही.

तपासणी: पब्लिश झाल्यावर लगेच एक्स्पोर्टची यादी पाहा: विंडोजवर डम्पबिनचा एक्स्पोर्ट्स पर्याय, लिनक्सवर एनएम हे टूल डायनॅमिक सिम्बॉलच्या पर्यायासह. नाव यादीत नसेल तर पुढे काहीच चालणार नाही.

आता इशारे. आयएल२०२६ आणि आयएल३०५० हे क्रमांक दिसले तर ते दाबून टाकू नका. पहिला सांगतो की रिफ्लेक्शनने लागणारा कोड छाटला जाऊ शकतो. दुसरा सांगतो की तिथे चालू असताना कोड तयार करावा लागेल, जो एओटीत होणार नाही. दोन्हींचा परिणाम बिल्डमध्ये न दिसता चालवताना दिसतो. जेसनसाठी सोर्स जनरेटर वापरा. असेंब्लीचे लोकेशन विचारणारा कोड एओटीत रिकामी स्ट्रिंग परत देतो; डेटा फाइलींचा पत्ता सुरुवातीच्या फंक्शनलाच आर्ग्युमेंट म्हणून द्या. हा सल्ला होस्टिंगलाही लागू आहे.

फाइल लहान करण्यासाठी इन्व्हेरियंट ग्लोबलायझेशन (कोणत्याही भाषेचे खास नियम न वापरण्याची सेटिंग) चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मराठी तारखा किंवा अकारविल्हे लागणाऱ्या लायब्ररीत तो घेऊ नका. त्या स्थितीत मराठीचे कल्चर मागितले की डीफॉल्टने एक्सेप्शन येते आणि क्रमवारी निव्वळ कोडच्या आकड्यांवर लागते. ते बंद ठेवले तर लिनक्स मशीनवर आयसीयू ही भाषांचे नियम देणारी लायब्ररी असल्याची खात्री करा.

एकाच प्रोसेसमध्ये दोन एओटी लायब्ऱ्या चालतात, पण प्रत्येकीचे गार्बेज कलेक्टर वेगळे. एकीचे हँडल दुसरीला देऊ नका.

## टप्पा ६: थ्रेड, कॉलबॅक, सुरुवात आणि शेवट

सुरुवात कुठून करू नये. डीएलएलमेनमधून (डीएलएल लोड होताना विंडोज आपोआप कॉल करते त्या फंक्शनमधून) रनटाइम सुरू करू नका किंवा डॉटनेटचा कोड कॉल करू नका. त्या वेळी विंडोजचा लोडर लॉक धरलेला असतो आणि ॲप्लिकेशन गोठते. डीएलएलमधल्या ग्लोबल सी प्लस प्लस ऑब्जेक्टचे कन्स्ट्रक्टर आणि डिस्ट्रक्टर याच लॉकखाली चालतात, हे विसरले जाते. स्पष्ट "सुरू करा" आणि "थांबवा" फंक्शन द्या आणि ती मेनमधून कॉल करा. होस्टिंगमध्ये पहिल्या कॉलला रनटाइम उभे राहणे आणि जेआयटी (चालताना मशीन कोड तयार करणे) यांचा वेळ लागतो, म्हणून "सुरू करा" ॲप्लिकेशन उघडतानाच कॉल करावे. वापरकर्त्याच्या पहिल्या क्लिकवर तो भार टाकू नये.

फोर्क. लिनक्सवर आधी रनटाइम सुरू करून मग फोर्क केलेल्या सर्व्हरमध्ये मुलाच्या प्रोसेसला रनटाइमचे थ्रेड मिळत नाहीत. फोर्क आधी, रनटाइम नंतर.

डेल्फी आणि सी प्लस प्लस बिल्डर. डेल्फी दशांश गणितातली काही एक्सेप्शन उघडी ठेवते, तर डॉटनेट ती झाकलेली धरून चालते. शून्याने भागाकाराची विचित्र चूक डब्ल्यूपीएफच्या आतून येऊ लागली तर कॉल करण्याआधी सेटएक्सेप्शनमास्कने सगळी एक्सेप्शन झाका आणि परत आल्यावर जुनी स्थिती ठेवा.

कॉलबॅक. डॉटनेटचा डेलिगेट फंक्शन पॉइंटर करून सी प्लस प्लसला दिला, तर तो डेलिगेट स्टॅटिक फील्डमध्ये धरून ठेवा. नाहीतर गार्बेज कलेक्टर त्याला उचलतो आणि काही मिनिटांनी, भाराखाली, कॉलबॅक कोसळतो. डीबगमध्ये हा प्रसंग सहसा दिसत नाही. उलट दिशेला, सी प्लस प्लसचा कॉलबॅक घेताना सोबत एक स्वतंत्र पॉइंटर घ्या आणि जसाच्या तसा परत द्या.

असिंक. टास्क सीमेवरून जात नाही. एकतर लायब्ररीत थांबून उत्तर द्या किंवा "सुरू करा, झाल्यावर कॉलबॅक" अशी जोडी द्या. कॉलबॅक थ्रेड पूलच्या थ्रेडवर येतो. तिथून खिडकीला हात लावू नका, मेसेज पोस्ट करून मुख्य थ्रेडवर या.

सिग्नल. लिनक्सवर डॉटनेट स्वतःचे सेगफॉल्ट हँडलर बसवते. ॲप्लिकेशनने नंतर आपला हँडलर बसवला आणि जुन्याला पुढे कॉल केले नाही, तर साधे नल रेफरन्सचे एक्सेप्शनसुद्धा क्रॅश बनते.

शेवट. सुरू झालेले रनटाइम प्रोसेस संपेपर्यंत उतरवता येत नाही. एओटी लायब्ररीवर फ्रीलायब्ररी किंवा डीएलक्लोज करण्यालाही आधार नाही. प्लगइन पुन्हापुन्हा उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काम असेल तर मध्ये एक छोटी नेटिव्ह डीएलएल ठेवा; तिने एओटी लायब्ररी लोड करून मेमरीत पिन करावी आणि स्वतः हवे तर उतरावे.

## टप्पा ७: कॉलची संख्या आणि मेमरी

एका कॉलमध्ये एक आकडा पाठवून लाखो कॉल करणारी रचना चुकीची. १० हजार ओळींचा ॲरे एका कॉलमध्ये द्या, निकालाचा ॲरे एका कॉलमध्ये घ्या. मोजमाप रिलीज बिल्डवर करा आणि पहिला कॉल हिशेबात धरू नका. तो वेगळा मोजा.

विंडोजवर ३२ बिटच्या प्रोसेसला डीफॉल्टने २ जीबी पत्त्यांची जागा असते आणि ती दोन्ही बाजूंना मिळून पुरवायची असते. ६४ बिटवर डॉटनेट ७ पासून कलेक्टर सुरुवातीलाच २५६ जीबीची आभासी जागा राखून ठेवतो. प्रत्यक्ष मेमरी तेवढी लागत नाही, पण लिनक्सवर यूलिमिटने आभासी मेमरीला कमी मर्यादा घातली असेल तर रनटाइम सुरू होतानाच ८००७०००ई देऊन थांबते. अशा मशीनवर रनटाइमकॉन्फिगमध्ये हीपची कमाल मर्यादा लिहा. म्हणजे राखीव जागाही त्या प्रमाणात कमी होते.

## टप्पा ८: पाठवण्याआधीची चाचणी

चाचणी डेव्हलपरच्या मशीनवर करू नका. तिथे एसडीके असते, सगळी रनटाइम असतात आणि पाथमध्ये नको ते सापडते. कोरी आभासी मशीन घ्या, ॲडमिन नसलेला वापरकर्ता घ्या आणि ॲप्लिकेशन अशा फोल्डरमध्ये ठेवा ज्याच्या नावात जागा आणि देवनागरी अक्षरे आहेत. त्यानंतर ॲप्लिकेशन दुसऱ्याच फोल्डरमधून सुरू करा, म्हणजे चालू फोल्डरवर विसंबलेला कोड लगेच उघडा पडेल.

जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर काम असेल तर कॉन्फिग फाइल एक्झीच्या नावाने आणि एक्झीशेजारी ठेवा. डीएलएलच्या नावाची कॉन्फिग वाचली जात नाही, आणि त्यातली बाइंडिंग रीडायरेक्ट वाया जातात.

मग हे प्रसंग मुद्दाम घडवा: १५ बाइटचा मजकूर १४ बाइटच्या बफरमध्ये, बंद केलेले हँडल पुन्हा, आतून फेकलेले एक्सेप्शन, एकाच वेळी ८ नेटिव्ह थ्रेडवरून कॉल, एक लाख वेळा उघड-बंद आणि त्यानंतर प्रोसेसची मेमरी. कॉलबॅक चालू असताना कलेक्टर जबरदस्तीने चालवणारे एक चाचणी फंक्शन लायब्ररीत ठेवा. डेलिगेट सुटण्याची चूक त्याने काही सेकंदांत सापडते.

क्रॅश झालाच तर आधी क्रमांक पाहा. विंडोजची १९३ म्हणजे बिट चुकले. १२६ म्हणजे डीएलएल किंवा तिची एखादी अवलंबित फाइल सापडली नाही. नाव दिसते ती फाइल समोर असूनही हीच चूक येते, कारण हरवलेली फाइल दुसरीच असते. १२७ म्हणजे फाइल मिळाली पण एक्स्पोर्टचे नाव मिळाले नाही. ८००७०००बी म्हणजे असेंब्लीचे स्वरूप किंवा बिट चुकले. नेटिव्ह डीबगरमध्ये ई०४३४३५२ दिसले तर ते डॉटनेटचे एक्सेप्शन आहे: टप्पा ३ मधला सहावा मुद्दा उघडा, कोणत्या एक्स्पोर्टमध्ये ट्राय-कॅच राहिला ते शोधा, आणि व्हिज्युअल स्टुडिओत डीबगरचा प्रकार मिक्स्ड करून पुन्हा चालवा.